पातेल्यात गेलेले हात

काटकसर कशी करावी हे कोणाला शिकायचं असेल तर त्यानं सरळ माझ्याकडे यावं. जबलपुरात, राइट टाउनमध्ये, दिवाकर पिंपळखुटे कुठे राहतो असं कोणालाही विचारा. येताना काही आणू नका. आणलंच तर जुनं आणा.

मी एका खाजगी शाळेत ग्रंथपाल आहे. दोन वर्षांपूर्वी आमची मुलगी प्रणोती इंजिनिअरिंगला इंदूरला गेली आणि होस्टेल, मेस, फी असं सगळं मिळून माझा पगार पंधरा तारखेलाच धापा टाकायला लागला. म्हणून यंदाच्या जानेवारीत मी जाहीर केलं, "या वर्षी घरात एकही नवी वस्तू येणार नाही."

"अन् मीठ?" सुमेधानं विचारलं. सुमेधा म्हणजे माझी बायको. तिला मोठ्या घोषणेतली बारीक भोकं लगेच दिसतात.

"खाण्यापिण्याचं सोडून."

"अन् टूथब्रश?"

"तोंडात जाणारं सगळं सोडून," मी नियम दुरुस्त केला.

आणि मी तो पाळला. गोहलपुरातल्या जुन्या कपड्यांच्या दुकानांतून मी चार पँटी आणल्या. त्यातल्या तीन माझ्या कमरेच्या होत्या आणि चौथीसाठी मी वजन कमी करतो आहे. मिक्सर आणला, तो झाकणावर डाव्या हाताचा तळवा दाबून धरला की उत्तम चालतो. कुकर आणला, तो शिट्टी देत नाही, नुसता सुस्कारा सोडतो. छत्री मिळाली ती गुलाबी फुलांची. ती घेऊन शाळेत गेलो तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सर, मैडम की छतरी ले आए क्या?" मी म्हणालो, "हाँ जी." खोटं बोलायला पैसे पडत नाहीत.

असं सगळं छान चाललं होतं. ऑगस्ट उजाडला आणि नागपूरहून वहिनींचा फोन आला.

भानुमतीवहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची, अंबादासदादाची बायको. आमच्या घराण्याच्या महालक्ष्म्या त्यांच्याकडे उभ्या राहतात. तुमच्याकडे गौरी म्हणत असतील, आम्ही विदर्भातली माणसं महालक्ष्म्या म्हणतो. ज्येष्ठा आणि कनिष्ठा. लग्न झाल्यापासून एकवीस वर्षं सुमेधा दर भाद्रपदात नागपूरला जाते, वहिनींच्या हाताखाली पुरण वाटते, सोळा भाज्या चिरते, पन्नास पानं वाढते. आणि दर वर्षी परत निघताना विचारते, "वहिनी, एखाद्या वर्षी आमच्याकडे?" वहिनी दर वर्षी म्हणतात, "बघू." एकवीस वेळा 'बघू' ऐकूनही बाविसाव्या वेळी विचारायची सुमेधाची तयारी होती. मला मात्र परतीच्या प्रवासात अर्ध्या वाटेवरच्या सिवनीपर्यंत तिच्याशी बोलायची हिंमत होत नसे.

या वेळी वहिनी स्वतःच म्हणाल्या, "यंदा तुमच्याकडे उभ्या करा. एक वर्ष करून पाहा. नीट झालं तर पुढचं पुढं पाहू. नाही तर माझ्या महालक्ष्म्या मी परत घेऊन जाईन, अन् मग विषय काढायचा नाही."

फोन स्पीकरवर होता, तेव्हा मलाही म्हणाल्या, "भाऊजी, काय काय जुनं घेऊन राहिले तुम्ही, ऐकलं मी. नैवेद्य तरी ताजा ठेवाल ना?"

सुमेधानं फोन ठेवला आणि बराच वेळ नुसती हसत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाकघराला स्वतः चुना दिला. उंबऱ्याशी रांगोळीनं लक्ष्मीची पावलं काढून पाहिली. रोज रात्रीच्या जेवणाला "आपल्याकडे महालक्ष्म्या येऊन राहिल्या" हे वाक्य ती काही ना काही निमित्तानं बोलायचीच. तिला इतकं खूश मी प्रणोतीच्या बारशालाही पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटत होतं. आणि आपल्या हातून यात काही गडबड होऊ नये, असंही वाटत होतं.

सणाच्या आठवडाभर आधी नागपूरचे एक नातेवाईक गाडीनं कामासाठी आले आणि वहिनींनी पाठवलेलं सामान देऊन गेले. दोन पत्र्याच्या पेट्या, त्यात मुखवटे, उभं करायच्या कोठ्या, दागिने. आणि एक गाठोडं, जुन्या धोतरात बांधलेलं. पेट्या सुमेधानं देवघरात नेल्या. गाठोडं दाराआड ठेवलं आणि म्हणाली, "हे मी निवांत पाहते."

दाराआड आधीपासून एक गाठोडं होतंच. आमच्या जुन्या कपड्यांचं. जुन्या चादरीत बांधलेलं.

आता रविवारची सकाळ. महालक्ष्म्यांचं आवाहन बुधवारी. सुमेधा सवाष्णींना आवतण द्यायला गेली होती आणि मी घरी एकटाच होतो. पन्नास पानांची आंबील कशात करायची हा प्रश्न दोन दिवस चर्चेत होता. एवढं मोठं पातेलं आमच्याकडे नव्हतं, नवं घ्यायचं नाही हा नियम होता, आणि शेजारून मागून आणलं तर वहिनी म्हणणार, बघा, आंबिलीलाही उसनं भांडं. मी याच विचारात असताना खालून आरोळी आली.

"पुराने कपड़े दे दो, बर्तन ले लो!"

देवच पावला म्हणा ना. मी गॅलरीतून हाक मारली. डोक्यावर भांड्यांची टोपली आणि खांद्याला कपड्यांचा बोजा घेऊन ती बर्तनवाली वर आली. गेंदाबाई नाव. तिनं टोपली उतरवली आणि माझी नजर थेट तळाच्या पातेल्यावर गेली. जाड बुडाचं, रुंद, कडी असलेलं. पन्नास पानांची आंबील आणि वर चमचा फिरवायला जागा.

मी आमच्या कपड्यांचं गाठोडं तिच्यासमोर सोडलं. तिनं एकेक कपडा उजेडात धरून पाहिला. माझी एक पँट पाहून तर तिनं माझ्याकडेही पाहिलं.

"इत्ते में तो कटोरी आएगी, भैया."

"कटोरी? अच्छे-ख़ासे कपड़े हैं, जी. ये शर्ट देखो."

"देख लिया. कॉलर दो बार पलटी है."

कॉलर दोनदा उलटवल्याचं तिनं ओळखलं, तेव्हाच मी समजायला हवं होतं की समोर कोणी साधी बाई नाही. अर्धा तास गेला. मी एक स्वेटर ढिगात टाकला, ती चहाच्या गाळणीवर आली. मी दोन बेडशीट टाकल्या, ती डब्यावर आली. मी माझा लग्नातला कोटही आणला. तिनं तो बाजूला ठेवला, पातेलं उचललं, माझ्यासमोर ठेवलं आणि त्यावरचा हात मात्र काढला नाही.

"बस एक साड़ी और डाल दो, भैया."

जगातल्या सगळ्या बर्तनवाल्या शेवटी हेच म्हणतात आणि सगळ्या घरांत शेवटी काहीतरी सापडतंच. मी दाराआड पाहिलं. तिथं अजून एक गाठोडं होतं, धोतरात बांधलेलं. धोतर आमच्या घरात कोणी नेसत नाही, पण त्या क्षणी मला एवढंच सुचलं की सुमेधानं कपड्यांची दोन गाठोडी केली असावीत. मी ते न उघडताच पातेल्याच्या बदल्यात ठेवलं. गेंदाबाईनं ते हातात तोललं, मान हलवली आणि पातेलं सोडलं.

मी ते पातेलं घासून, पुसून, ओट्याच्या मधोमध ठेवलं आणि सुमेधाची वाट पाहत बसलो.

ती आली, पातेलं पाहिलं, त्यावर बोटानं टिचकी मारली. "अगंबाई. चांगलं जाड आहे हो. कुठून?"

"एक पैसा दिला नाही," मी म्हणालो. "जुने कपडे दिले."

"बरं केलं." मग ती हात पुसत पुढच्या खोलीत गेली आणि तिथूनच तिनं विचारलं, "अहो, दाराआडचं गाठोडं कुठं ठेवलं?"

"तेच तर दिलं."

"ते नाही. वहिनींचं. धोतरातलं."

मी पातेल्याकडे पाहिलं. ती दारात आली.

"तेही दिलं?"

"ती एक साडी मागत होती," मी म्हणालो.

सुमेधा खुर्चीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "त्यात हात होते."

"कोणाचे?"

"महालक्ष्म्यांचे."

मग मला आठवलं. आमच्या महालक्ष्म्यांचे हात बाजारचे नाहीत. माझ्या आईनं तिच्या लग्नातल्या पिवळ्या अष्टपुत्री साडीतून ते शिवले होते. आत कापूस, कोपरात जरा बाक, तळव्यावर लाल दोऱ्यानं भरलेलं कमळ आणि पाठीवर एकेका बोटाला नख. आई जाऊन चार वर्षं झाली. आमच्या सगळ्या घराण्यात आईच्या हातचं म्हणून जे काही उरलं होतं, ते मी पातेल्यात घालून मोकळा झालो होतो.

"वहिनी मंगळवारी संध्याकाळी येऊन राहिल्या," सुमेधा म्हणाली. "मी काय सांगू त्यांना?"

प्रणोतीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, टेंशन मत लो ना, हात ऑनलाइन मिलते आहेत." आमच्या मुलीचं मराठी हे असं आहे, समजतं सगळं, बोलताना मध्येच गाडी रूळ बदलते. पण आईच्या नऊवारीतले हात ऑनलाइन मिळत नाहीत, आणि वहिनींना ते एका नजरेत कळलं असतं.

सोमवारी मी शाळेतून अर्धी सुट्टी घेतली आणि स्कूटर काढली. भाजीवाल्याकडून गेंदाबाईचा पत्ता लागला. ती एका झाडाखाली आणखी दोघी बर्तनवाल्यांबरोबर डबा खात बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे घास संपवला.

"गठरी तो हम खोलते नहीं, भैया. तौल के गोहलपुर में दे आए." मग जरा थांबून म्हणाली, "पर बर्तन वापस नहीं होगा."

मी म्हणालो, पातेलं ठेवतो, फक्त दुकान सांगा. तिनं गल्ली सांगितली.

गोहलपुरची ती गल्ली मला पाठ होती. माझ्या चारही पँटी तिथल्याच. पण आजवर मी तिथं घ्यायला गेलो होतो, आज परत मागायला. पहिल्याच दुकानात कपड्यांच्या ढिगावर एक जाडसर माणूस चहा पीत बसला होता. मी घाईत होतो, त्यामुळे थेट मुद्द्यावर आलो.

"भैया, कल की किसी गठरी में हाथ निकले क्या?"

"क्या निकले?"

"हाथ. चार हाथ."

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "किसके?"

"घर के हैं जी. दो बहनों के."

त्यानं शेजारच्या दुकानदाराकडे पाहिलं. शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याकडे. दोन मिनिटांत माझ्याभोवती आठ-दहा माणसं जमली. एकानं हळूच विचारलं, "थाने गए थे?" दुसरा म्हणाला, "भाई साहब को पहले बैठाओ, पानी दो." मी पाणी प्यायलो. मग सावकाश सांगितलं की हात कापडाचे आहेत, पिवळ्या कापडाचे, देवीचे आहेत, आणि बहिणी म्हणजे ज्येष्ठा आणि कनिष्ठा. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. ज्यानं पोलीस ठाणं सुचवलं होतं तोच म्हणाला, "अरे, पीले वाले? वो तो मास्टरजी के पास हैं. सुबह से उन्हीं पे काम कर रहे हैं."

मास्टरजी गल्लीच्या टोकाला बसतात. जुने कपडे उसवून, रफू करून, इस्त्री करून पुन्हा विकायला तयार करतात. पांढरी दाढी, चष्म्याच्या एका दांडीऐवजी दोरा. मी पोचलो तेव्हा त्यांनी एका शर्टाची बाही आईनं शिवलेल्या हातावर चढवली होती आणि वरून इस्त्री फिरवत होते. बाही एकदम गुळगुळीत निघत होती.

"आइए," ते म्हणाले. "देखिए, क्या चीज़ हाथ लगी है. पैंतीस साल से आस्तीन प्रेस कर रहा हूँ, ऐसा तकिया नहीं मिला. किसी ने बड़े जतन से बनाया है."

"मेरी माँ ने," मी म्हणालो. "देवी के लिए."

मास्टरजींनी इस्त्री उभी केली, स्विच बंद केला. बाहीतून हात अलगद काढला, खालच्या फळीवरून दुसरा घेतला, दोन्ही स्वच्छ टॉवेलमध्ये ठेवले आणि टॉवेल माझ्यासमोर धरला. "माफ़ कीजिए, साहब. हमें इल्म नहीं था."

मला इतकं हायसं वाटलं की मी खाली बसलोच. मग मोजले. दोन.

"और दो?"

"दो ही थे."

"चार होते हैं, मास्टरजी. दो देवियाँ, चार हाथ."

"होते होंगे. गठरी में दो थे."

मला लाज वाटते सांगायला, पण मला त्यांचा संशय आला. इतका उत्तम तकिया कोण सगळाच परत करेल, असं वाटलं. त्यांना ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. ते उठले, धोतराचं गाठोडं आणून माझ्यासमोर उलटं केलं. महालक्ष्म्यांच्या दोन जुन्या खणांखेरीज त्यात काही नव्हतं. मग सगळा ढीगही उपसून दाखवला. माझा लग्नातला कोट भेटला. हात नाहीत.

मी तिथंच बसून राहिलो. उद्या वहिनी येणार, परवा आवाहन. मला सुमेधाचं ते चुना देणं दिसत होतं.

"नाप तो है," मास्टरजी म्हणाले. "दो हैं, तो दो और बन जाएँगे."

मी टुणकन उठलो. ढिगाकडे बोट दाखवून म्हणालो, "इसमें से कोई पीला कपड़ा निकाल लीजिए ना. ये कुर्ता अच्छा है."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "देवी का काम है, साहब. उतरन नहीं लगाऊँगा. नया लाइए. रुई भी नई."

"पुराना भी चलेगा, मास्टरजी. हम घर में सब पुराना ही—"

"आपका चलता होगा," ते म्हणाले.

अशा रीतीनं जानेवारीपासून पाळलेला माझा नियम गोहलपुरच्या गल्लीत मोडला. मी नवं पिवळं कापड आणलं, नवा कापूस आणला, लाल दोरा आणला. कापड फारच झळझळीत होतं. आईचं कापड किती भाद्रपद पाहून मऊ, फिकं झालेलं. मास्टरजींनी ते कोऱ्या चहाच्या पाण्यात बुडवलं, पिळलं, इस्त्रीनं वाळवलं. मग आईच्या हाताला लावून पाहिलं आणि पुन्हा एकदा बुडवलं. दोन तास ते शिवत होते आणि मी सुईत दोरा ओवून देत होतो. बोटं शिवली, कोपराचा बाक काढला, कमळ भरलं, नखं काढली. शेवटी चार हात ओळीनं टॉवेलवर ठेवले तेव्हा आईचे कोणते आणि त्यांचे कोणते हे मलाही सांगता येईना.

पैसे विचारले तर त्यांनी मान हलवली. "आपके यहाँ कुछ मीठा बनता होगा उस दिन."

"पुरणपोळी."

"वो भिजवा दीजिएगा."

त्यांचा संशय घेतल्याबद्दल मी तिथंच त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "चलो, कोई बात नहीं," आणि तो राहिलेला शर्ट शोधू लागले. बाहीत घालायला आता त्यांच्याकडे गुंडाळलेला टॉवेलच उरला होता.

घरी येऊन मी सुमेधापुढे चार हात ठेवले. "मिळाले," एवढंच म्हणालो. मास्टरजींचा आणि चहाचा भाग मी सांगितला नाही. तिनं ते कपाळाला लावले, त्यांच्यावर नर्मदेचं पाणी शिंपडलं आणि पेटीत ठेवून दिले. मग मला स्वतःहून चहा करून दिला. मी तो खाली मान घालून प्यायलो.

मंगळवारी वहिनी आणि दादा आले. वहिनींनी स्वयंपाकघर पाहिलं, मिक्सर पाहिला, कुकरचा सुस्कारा ऐकला. पातेलं मात्र हातानं दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे चांगलं घेतलं." सुमेधानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

बुधवारी दुपारी महालक्ष्म्या उभ्या करायला घेतल्या. नागपुरात हे काम वहिनी देवघराचं दार लावून एकट्या करायच्या. इथं मात्र पाटावर चढणं त्यांच्या गुडघ्यांना जमेना, म्हणून मला बोलावलं. दादा बाहेर वर्तमानपत्र वाचत होता, सुमेधा आत पुरण शिजवत होती. कोठ्या ठेवल्या, साड्या नेसवल्या. वहिनी म्हणाल्या, "घ्या, हात बांधा." मी पेटी उघडली.

ज्येष्ठेचा उजवा हात बांधला. सुरेख बसला. मग डावा घेतला. कमळ समोर केलं तर अंगठा बाहेरच्या बाजूला गेला. फिरवला तर अंगठा आत आला, पण नखं समोर आणि कमळ पाठीमागे. मी दुसरा घेऊन पाहिला. तोही तसाच. तिसरा. चौथा. मास्टरजींनी माप इतकं चोख घेतलं होतं की चारही हात उजवे होते.

मी पाठमोरा राहूनच हात उलटसुलट करत होतो. मागून वहिनींचा आवाज आला.

"भाऊजी, किती हात आहेत ते?"

"चार, वहिनी. चारच असतात ना."

"चार कसे?"

मी वळलो. वहिनींचा चेहरा उतरला होता. रागावलेल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या.

"मी तर दोनच पाठवले होते," त्या म्हणाल्या.

मग वहिनी पेटीवरच बसल्या. "आई गेल्या त्या वर्षी पेटी उघडली तर डावे दोन्ही हात उंदरांनी कुरतडलेले. आईंची शेवटची वस्तू, अन् माझ्या ताब्यात असताना. काहून नीट ठेवली नाही, असं कोणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? चार वर्षं झाली, दार लावून उभ्या करून राहिले, डाव्या बाजूनं पदर सोडून राहिले. तुमच्या दादांनाही माहीत नाही. सुमेधा विचारायची तर आधी मीच सोडायला तयार नव्हते. अन् या चार वर्षांत तर 'हो' म्हणायची सोयच राहिली नाही. इथं उभ्या करताना दिसणारच होतं. यंदा गुडघ्यांनी ऐकलं नाही म्हणून..."

एवढं बोलून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मला त्यांची फार कीव आली. एकवीस वर्षं मी या बाईला घाबरत होतो, आणि त्यातली चार वर्षं ती दोन उंदरांमुळे घाबरत होती.

मग मीही माझं सगळं सांगून टाकलं. गेंदाबाई, गोहलपूर, इस्त्री, चहा. इस्त्रीपाशी वहिनींनी कपाळाला हात लावला आणि चहापाशी त्यांना हसू आलं.

"भाऊजी, सुमेधाला सांगू नका," त्या म्हणाल्या.

"तुम्हीही सांगू नका," मी म्हणालो.

आम्ही दोघांनी मिळून डाव्या बाजूचे पदर व्यवस्थित पसरले. तेवढ्यात सुमेधा पुरणाचा चमचा हातात घेऊन दारात आली. तिनं एकदा ज्येष्ठेकडे पाहिलं, एकदा कनिष्ठेकडे. सरळ पुढे झाली आणि दोन्ही पदर बाजूला केले.

"झाकता काहून?" ती म्हणाली. "चांगले तर आहेत."

"अगं, ते जरा..." वहिनी म्हणाल्या.

"माहीत आहे मला. सोमवारीच कळलं. नर्मदेचं पाणी शिंपडलं, तर दोन हातांना चहाचा वास येऊन राहिला." मग वहिनींकडे वळून म्हणाली, "अन् पेटीच्या तळाशी उंदरांच्या लेंड्या होत्या, वहिनी. मी झाडून काढल्या."

सुमेधानं हातातला चमचा माझ्याकडे दिला, डावे हात सोडले, अंगठ्यांचे टाके उसवले, अंगठे दुसऱ्या बाजूला शिवले आणि परत बांधले. पाऊण तास लागला. तोवर पुरण मी ढवळलं. आईचे दोन, मास्टरजींचे दोन, असे चार हात दिवेलागणीला ओटी घ्यायला तयार झाले, तेव्हा सुमेधा समोर उभी राहून रडली. वहिनीही रडल्या. मीही जरा बाहेर जाऊन आलो.

दुसऱ्या दिवशी पन्नास पानं उठली. मास्टरजींना पुरणपोळ्यांचा डबा पोचला. शेवटच्या पंगतीनंतर वहिनी पाय पसरून बसल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पुढच्या वर्षीपासून महालक्ष्म्या इथंच उभ्या राहतील. सुमेधाच्या घरी. कायमच्या."

सुमेधानं त्यांचे पाय धरले. मला फार आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. पाहुणे गेल्यावर मी तिला म्हणालो, "बघ. मी ते गाठोडं दिलं नसतं तर हे झालं असतं का?"

"नसतं झालं," ती म्हणाली. एवढ्या सहज तिनं मान्य केलं की मी आणखी काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात ती म्हणाली, "म्हणूनच वहिनींचं अन् माझं ठरलं आहे. दर वर्षी त्या आठ दिवस आधी इथं येतील, अन् तुम्ही नागपूरला दादांकडे जाऊन राहायचं. थेट आवाहनाच्या दिवशी परत यायचं. घरात एकही वस्तू तुमच्या हाती नको."

मी होकार दिला. दुसरं काय करणार? फक्त नागपूरच्या बसचं तिकीट जुनं चालत नाही. मी चौकशी केली.